जगन्नाथाची हंडी आणि माझी

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. आजही नाही. पण आमच्या वाचनालयाचा सेक्रेटरी भालचंद्र रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसायला लागला. चहा प्यायचा, पान खायचा आणि उठताना म्हणायचा, "आत्मारामकाका, दिवाळीच्या हस्तलिखित अंकात तुमच्या हंडीची हकिकत पाहिजेच."

मी म्हटलं, "मी चौथीत दोनदा बसलेला माणूस. मी काय लिहिणार, कप्पाळ?"

तर म्हणतो, "बरं, मग जगन्नाथकाकांकडून घेतो. ते तयार आहेत."

तयार असणारच! त्या माणसाने ती गोष्ट वसई तालुक्यात गासपासून चंदनसारपर्यंत सांगून सांगून गुळगुळीत केली आहे. त्याच्या गोष्टीत मी टोपलीत पाय अडकून पडतोसुद्धा. मी पडलो नव्हतो. टोपली पडली होती. म्हणून मी लिहितो आहे. अक्षर वाकडं असेल, मजकूर सरळ आहे.

तर आमची वाडी नंदाखालच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला. केळी, नारळ, पानवेल. बांधापलीकडे जगन्नाथ चुरीची वाडी. त्याच्याकडेही केळी, नारळ, पानवेल. देवाने एवढी मोठी पृथ्वी केली आणि जगन्नाथाला नेमकं माझ्या बांधाला आणून टेकवलं. आमच्यात पाटाच्या पाण्यावरून एकदा वाजलं होतं. तेव्हा मी चार माणसांत सांगितलं होतं की, यापुढे चुरीच्या घरातल्या कोणीही माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाही. तो म्हणाला, "बरं." एवढंच. भांडायचं तर नीट भांडावं ना! समोरच्याने 'बरं' म्हटल्यावर आपण एकट्याने किती ओरडायचं?

आता हंडीचं सांगतो. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, कोनफळं जमिनीतून निघायला लागली, की आमच्या आळीत उकडहंडी लागते. विरारच्या बिल्डिंगीत नवीन राहायला आलेल्यांना माहीत नसेल, त्यांच्यासाठी लिहितो. मातीचं मोठं मडकं घ्यायचं. आत केळीचं पान लावायचं. त्यात वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, सुरण, कच्ची केळी, बारकी वांगी. वर ओलं खोबरं, मिरची, आलं, हिरवी लसूण, ओवा, मीठ आणि तेल. पाण्याचा थेंब नाही. मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं वाडीतच जमिनीवर पालथं घालायचं, आणि भोवती झावळ्या, नारळाची सोडणं, गोवऱ्या रचून पेटवायचं. बाकीचं काम विस्तव करतो. माणसाने फक्त धीर धरायचा. (हेच मला जमत नाही, असं आमच्या घरात म्हणतात.)

ही हंडी एका घरची नसते. ज्याच्या वाडीत जे निघेल ते त्याने आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. विकत आणलेलं घालायचं नाही. एका माणसाने एकदा दादरच्या बाजारातून फ्लॉवर आणला होता. त्याला अजून आळीत फ्लॉवरच म्हणतात.

आणि हंडी कोणाच्याही वाडीत लागू शकते, असं म्हणायची पद्धत आहे. लागते मात्र जगन्नाथाच्या. का? तर म्हणे जगन्नाथाच्या हाताला चव आहे. मी त्याचे हात बघितलेत. माझ्यासारखेच आहेत. उलट त्याच्या एका बोटाचं नख काळं आहे.

बरं, गाव म्हणतं तर म्हणू दे. गावाला मी मोजत नाही. पण आमची नर्मदा! ही माझी बायको. जगन्नाथाच्या हंडीतलं कोनफळ तोंडात घातलं की ती डोळे मिटते. अगदी देवळात मिटतात तसे. मी लग्नापासून बघतोय, माझ्याबरोबर जेवताना ती कधी डोळे मिटत नाही. मी एकदा वांग्याचं भरीत केलं होतं. अख्खं जेवण तिने डोळे उघडे ठेवून केलं. खडा लागेल म्हणून.

मी विचारलं, "कसं झालंय?"

"झालंय," म्हणाली.

तर त्या थंडीत केळीचे घड भरायला आम्ही सगळे बागायतदार सोसायटीच्या पडवीत जमलो होतो. कोणीतरी म्हणालं, जगन्नाथा, यंदा हंडी कधी? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "यंदा हंडी माझ्या वाडीत."

नंदाखालचा व्हॅलेरियन, एस.टी.त कंडक्टर आहे, वाडीही चांगली करतो, तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, कशाला उगीच त्रास घेता? जगन्नाथकाकांकडे सगळं तयार असतं."

"माझ्याकडे काय, मडकं नाही? विस्तव नाही?"

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

कसं ते कोणी सांगेना. जगन्नाथ तेवढा शांतपणे म्हणाला, "लाव की. चांगलंच आहे."

हे मला झोंबलं. त्याने वाद घालायला पाहिजे होता. एवढा शांत माणूस कधी असतो? ज्याच्याकडे काहीतरी लपवलेलं असतं तेव्हा. मी घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती की हाताची चव वगैरे सगळं झूठ. तो हंडीत काहीतरी घालतो. आपल्याला दिसू नये असं काहीतरी.

घरी आल्याबरोबर मी नर्मदेला म्हटलं, "अगं, जरा जगन्नाथाकडे जाऊन ये."

"कशाला?"

"असंच. शांताबायशी चार गोष्टी बोल. हंडीत काय घालतात ते काढून आण." (शांताबाय ही जगन्नाथाची बायको.)

"काय घालतात ते सगळ्या आळीला माहीत आहे. आणि माझा पाय दुखतोय."

"चालल्याने मोकळा होतो," मी म्हटलं. (हे मी तिच्याच भल्यासाठी म्हटलं होतं.)

ती गेली. दिवेलागण झाली तरी परत येईना. आली ती सावकाश, रमतगमत, कुंपणाला हात लावत लावत. माझ्या जिवाची इकडे घालमेल आणि ही कुंपणं मोजत येते!

"काय म्हणाली शांताबाय?"

"काही नाही."

"एवढा वेळ दोघी काही नाही बोलत होतात?"

"शेकत बसले होते."

शेकत! म्हणजे त्यांच्याकडे विस्तव पेटलेला होता. म्हणजे हंडीची तालीम चालली होती. आणि ती माझ्याजवळून पुढे गेली तेव्हा तिच्या लुगड्याला वास आला. उग्र, कडसर, रानटी वास. ओळखीचा होता, पण नाव सुचेना. जगन्नाथाच्या हंडीचं गुपित माझ्या घरात, माझ्याच बायकोच्या लुगड्याला लागून आलं होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा पाठवलं. तिसऱ्या दिवशी सांगावं लागलं नाही, तीच निघाली. त्यानंतर रोजच. आणि रोज तो वास. आता मला हंडीपेक्षा दुसरीच गोष्ट टोचायला लागली. माझी बायको माझ्यासाठी हेरगिरी करायला जाते आणि येते ती समाधानाने! एकदा तर गुणगुणत आली. मी विचारलं, "एवढं काय आहे त्यांच्या ओटीवर?"

ती म्हणाली, "बसायला जागा आहे."

आमच्या ओटीवर जागा नाही? होती. त्या वेळी ओटीवर नारळ पडले होते एवढंच.

शेवटी मी स्वतःच पाळत ठेवायची ठरवली. पहाटे पाटाला पाणी सोडायच्या निमित्ताने उठलो आणि घोंगडी पांघरून बांधाजवळच्या केळीआड बसलो. डास एवढे की जगन्नाथाने पाळलेले असावेत. बसलो, बसलो. अंग आखडलं. आणि उजाडता उजाडता तो आला.

इकडे बघितलं. तिकडे बघितलं. आणि जगन्नाथ चुरीने माझ्या बांधावर पाय ठेवला!

मी ओरडणारच होतो. पण तेवढ्यात तो माझ्या निर्गुडीच्या झुडपाशी वाकला आणि पानं खुडायला लागला. सरसकट नाही हं! एकेक कोवळा शेंडा बघून, निवडून, टॉवेलात ठेवत होता. एकदा पान चुरगळून नाकाला लावलं. मान हलवली. टॉवेलाची घडी केली आणि आला तसा गेला.

मी तिथे जाऊन पान चुरगळलं. तोच वास! नर्मदेच्या लुगड्याचा!

आता वाचणारे म्हणतील, म्हाताऱ्या, तू जन्मभर वाडी केलीस, निर्गुडी तुला माहीत नाही? माहीत आहे. माझ्या बापाने निर्गुडी गुडघ्याला बांधली, मीही गुडघ्याला बांधली. बाळंतिणीच्या पाण्यात घालतात, तेही माहीत आहे. कडू असते, तेही माहीत आहे. पण मी तिथे बांधावर उभा राहून विचार केला. बाप करत होता तेच आपण सगळे करत आलो, म्हणून आपली हंडी साधी. जगन्नाथाने तीच निर्गुडी हंडीत टाकून बघितली, म्हणून बायका डोळे मिटतात. कडू असते खरी, पण कोवळी असली आणि तेलात वाफवली तर? कारल्याचं नाही का होत? जगन्नाथ काही मूर्ख नाही. (एवढी वर्षं त्याच्या शेजारी राहून त्याच्याबद्दल मी कधी चांगला विचार केला असेल तर तो हाच. बघा मग काय झालं.)

आणि राग किती आला म्हणून सांगू! माझी निर्गुडी, माझ्या बांधावरची, माझ्या पाटाच्या पाण्यावर वाढलेली. आणि त्यावर कौतुक कोणाचं? त्याचं! कौतुक करणारी कोण? माझी बायको!

हंडीचा रविवार आला. सकाळपासून माणसं येत होती. गासहून नर्मदेच्या भावाने वालाच्या शेंगा पाठवल्या होत्या, दाणे कसे टच्च भरलेले. व्हॅलेरियनने कच्च्या राजेळी केळ्यांचा फणा आणला. म्हाताऱ्या आनंदीबाईंनी पदरातून हिरव्या लसणीची जुडी काढून दिली. कोणी रताळी, कोणी वांगी. जगन्नाथाने कोनफळ आणलं, माणसाच्या डोक्याएवढं, कापलं तर आतून गर्द जांभळं. सगळे म्हणाले, "वा!" हंडी माझी, वाडी माझी, आणि पहिला 'वा' त्याच्या कोनफळाला. मी ते चटकन झाकून टाकलं.

मग मी झावळ्यांचा आडोसा केला आणि सांगितलं, "हंडी मी एकटाच भरणार. कोणी इकडे फिरकायचं नाही."

शांताबाय म्हणाली, "भाऊजी, मीठ तरी मी टाकते. हंडीला बाईमाणसाचा हात बरा."

"काही गरज नाही."

आडोशामागे मी एक थर भाजीचा, एक थर निर्गुडीच्या शेंड्यांचा, असं मडकं भरत गेलो. जगन्नाथ टॉवेलात मावेल एवढी नेत होता. मी टोपलीभर आणली होती. कमी कशाला पडायचं? मडक्याच्या तोंडालाही निर्गुडीचाच बोळा दाबला. (टोपली पडली ती इथे. मी नाही.)

हंडी पालथी घातली. विस्तव धरला. आणि थोड्या वेळाने वास सुटला.

मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होतो. व्हॅलेरियनने नाक वर केलं. म्हणाला, "काका, या वासाने मला आमच्या आईच्या खोलीची आठवण आली."

मला भरून आलं. आईची आठवण करून देणारी हंडी! जगन्नाथाच्या हंडीला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

आनंदीबाई म्हणाल्या, "माझ्या पहिल्या बाळंतपणाची आठवण झाली रे."

मी म्हटलं, बघा, एकेकाच्या काळजाला हात घातलाय.

तेवढ्यात नर्मदा लंगडत लंगडत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, निर्गुडी कोण जाळतंय?"

"हळू बोल!" मी तिला बाजूला घेतलं. "कोणाला सांगू नको."

"काय सांगू नको?"

"कळेल. आज तूच मला सांगशील."

तिने माझ्याकडे बघितलं. उतू जायला आलेल्या दुधाकडे बघतात तसं. आणि आत गेली.

हंडी उघडायची वेळ झाली. राख बाजूला केली, मडकं सुलटं केलं, बोळा काढला. जी वाफ आली त्या वाफेने पुढच्या ओळीतल्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी वाडीच्या देवाचं पान बाजूला ठेवलं आणि सगळ्यांना केळीच्या पानावर वाढलं. रंग जरा काळपट हिरवा आला होता. मी म्हटलं, "असाच येतो."

मग मी वाढायचं थांबलो. बाकी कोणाकडे बघितलं नाही. फक्त नर्मदेकडे बघत राहिलो. तिने कोनफळाची फोड उचलली. तोंडात घातली. एकदा चावली. मी मनात म्हणत होतो, मीट डोळे. मीट.

तिचे डोळे उघडे होते त्यापेक्षा जास्त उघडले.

कोणी गिळेना, कोणी थुंकेना. पंक्तीत थुंकायचं कसं? गालफडात घास धरून माणसं एकमेकांकडे बघत होती. आनंदीबाईंना दात नाहीत म्हणून त्यांनी तो सरळ गिळून टाकला. म्हणाल्या, "औषध चांगलं आहे रे आत्माराम. दिवसातनं किती वेळा घ्यायचं?"

जगन्नाथाने मात्र घास चावला. शेवटपर्यंत चावला, गिळला, वर पाणी प्यायला, आणि हळूच म्हणाला, "आत्माराम, यात काय घातलंस रे?"

मी हसलो. "तू घालतोस तेच."

"मी काय घालतो?"

"आता कशाला लपवतोस? सगळ्यांना कळू दे. निर्गुडी!"

"हंडीत?" जगन्नाथ म्हणाला. "निर्गुडी?"

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पहाटे माझ्या बांधावर चढून चोरून शेंडे खुडत होतास!"

आता सगळे जगन्नाथाकडे बघायला लागले. जगन्नाथाने शांताबायकडे बघितलं. शांताबायने नर्मदेकडे बघितलं. नर्मदेने पानाकडे बघितलं.

"सांगू का गो बाय?" शांताबाय म्हणाली.

"नको," नर्मदा म्हणाली.

"सांगते. भाऊजी, ती पानं नर्मदाबायच्या गुडघ्यासाठी. भात कापणी झाली तेव्हापासून गुडघा सुजलाय तिचा. संध्याकाळी येते, मी पानं तव्यावर गरम करून शेकते आणि बांधते. ह्यांना म्हटलं, पहाटे पाण्याला जाल तेव्हा चार शेंडे आणा. तुमच्या बांधावर जायची तुम्ही बंदी केलीय म्हणून लपून आणायचे."

मी नर्मदेकडे वळलो. "गुडघा सुजलाय तर मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही मला पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठवलंत तेव्हाच सांगितलं. तुम्ही म्हणालात, चालल्याने मोकळा होतो."

व्हॅलेरियनला ठसका लागला. एवढा वेळ धरलेला घास बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर हसू. मग सगळ्यांचंच सुटलं. गासपर्यंत ऐकू गेलं असेल. जगन्नाथ तेवढा हसला नाही. तो खाली मान घालून बसला होता. खांदे हलत होते ते थंडीने असतील, असं मी धरून चालतो.

मला वाटलं, आता सगळे उठतील, पानं टाकतील आणि जातील. पण शांताबाय पुढे आली आणि मडक्यात डोकावली. म्हणाली, "अगो बाय, टाकू नका हा पाला. तेल आहे, ओवा आहे, लसूण आहे, मीठ आहे, आणि मस्त वाफवलाय. गुडघ्याला याच्याहून चांगलं काय?"

तिने तिथेच नर्मदेला पाटावर बसवलं, हंडीतला गरम पाला काढला आणि फडक्यात घालून गुडघ्याला बांधला. ते बघून आनंदीबाईंनी पाय पुढे केला. "माझ्यापण." मग फ्लॉवर म्हणून ज्याला म्हणतात त्याने धोतर वर केलं. मग एकेक करत आळीतले सगळे म्हातारेकोतारे. माझ्या हंडीभोवती गाव मांडी घालून जेवायला बसणार होतं, ते पाय पसरून बसलं. आणि मला हाका! "आत्मारामभाऊ, इकडे थोडं वाढ!" "अरे, ह्या पायाला नाही मिळालं!" "गरम आहे तोवर दे!" व्हॅलेरियनने आईसाठी डब्यात भरून घेतलं आणि सायकलवर टांग मारून नंदाखालला गेला. मडकं पुसून स्वच्छ झालं. जगन्नाथाचं मडकंही एवढं कधी पुसलं गेलं नव्हतं, हे मात्र लिहून ठेवा.

जेवले सगळे जगन्नाथाकडे. शांताबायने सकाळीच भात आणि वालाचं बिरडं करून ठेवलं होतं. का? तर म्हणे, "असू दे म्हटलं." असू दे म्हणजे काय? माझ्यावर एवढाच विश्वास?

मी गेलो नाही. विस्तवाजवळ बसून राहिलो. नर्मदाही गेली नाही. गुडघा बांधलेला होता, उठवत नव्हतं. ऊन उतरायला लागलं होतं. वाडीत आम्ही दोघंच. मी विस्तवात काडी घालत होतो, ती पाय लांब करून नारळाला टेकली होती. बघितलं तर तिचे डोळे मिटलेले.

मी हळूच विचारलं, "झोप लागली?"

"नाही. ऊब छान आहे."

"मी हंडीबद्दल विचारणार होतो."

"मी हंडीबद्दलच सांगतेय," ती म्हणाली. डोळे न उघडता.

दुसऱ्या दिवसापासून निर्गुडी मीच खुडायला लागलो. कोणी सांगितलं म्हणून नाही. बांध माझा आहे म्हणून. आणि ओटीवरचे नारळ खाली उतरवून मागच्या पडवीत टाकले. तेही कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या थंडीत गंमत झाली. लोकच मला विचारायला लागले, "आत्मारामभाऊ, यंदा गुडघ्याची हंडी कधी?" आता खायची हंडी जगन्नाथाची, आणि गुडघ्याची माझी! अशी हंडी वसई तालुक्यात दुसरी नाही. चंदनसारच्या नव्या बिल्डिंगीतली दोन म्हातारी माणसं एस.टी. पकडून आली. मी नवं धोतर नेसून उभा होतो. एकेकाचा गुडघा दाबून बघत होतो, डॉक्टरसारखा.

तेव्हा जगन्नाथ आला. म्हणाला, "आत्माराम, माणसं फार जमलीत. एक मडकं पुरायचं नाही. मी पण एक लावतो माझ्या वाडीत."

मी म्हटलं, "लाव की. चांगलंच आहे." (शांतपणे म्हटलं. तो म्हणतो तसं.)

त्याने लावली. निर्गुडीत थोडी एरंडाची पानं टाकली म्हणे. उगीच काहीतरी वेगळं दाखवायची सवय.

नर्मदेचा तोवर दुसरा गुडघाही धरला होता. सगळे गेल्यावर मी तिला ओटीवर बसवून विचारलं, "काय गं, कोणाची हंडी लागू पडली?"

"दोघांची चांगली."

"खरं सांग."

"डाव्या गुडघ्याला तुमची बांधली होती. उजव्याला भाऊजींची."

"मग?"

तिने दोन्ही पाय हलवून बघितले. मग म्हणाली, "डावा अजून दुखतोय."

तर झालं ते असं झालं. हसायचं त्याने खुशाल हसावं. पण माझ्या बांधावर न विचारता पाय ठेवला, माझी निर्गुडी नेली, वर माझ्याच बायकोचा उजवा गुडघा बरा केला, आणि आजपर्यंत एका शब्दाने माझी माफी मागितली नाही. कोणी, ते स्पष्ट लिहितो: जगन्नाथ गोविंद चुरी.